हँडहेल्ड कन्सोलसाठी पॉवर बँक कशी निवडावी: मुंबईहून प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

फोनसाठी पॉवर बँक घेणं आणि हँडहेल्ड कन्सोलसाठी घेणं या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, हे दुकानात कुणी सांगत नाही. फोनला कुठलीही पॉवर बँक लावा, फार तर हळू चार्ज होईल. स्टीम डेक किंवा आरओजी ॲलीसारख्या, हातात धरून संगणकाचे गेम खेळायच्या कन्सोलला तीच लावली तर चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं आणि खाली टक्के मात्र उतरतच जातात. पॉवर बँक खराब नसते. ती या कामाची नसते.

गणपती, दिवाळी आणि मे महिना जवळ आला की ओळखीच्यांपैकी कुणीतरी मला हाच प्रश्न विचारतं, "वीस हजार एमएएचची घेऊ की तीस हजारची?" प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेला हा एमएएचचा, म्हणजे मिलिअँपिअर-अवरचा, आकडा सगळ्यात कमी कामाचा. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्यावर खरेदी ठरते. ती बारीक अक्षरं कशी वाचायची आणि त्यातलं आपल्याला किती लागतं, हे पायरीपायरीने सांगतो.

फोनवरच बीजीएमआय खेळणाऱ्यांनी एवढी खटपट करू नये. बऱ्या कंपनीची १०,००० एमएएचची घ्या आणि मोकळे व्हा.

१. आधी आपल्या कन्सोलला किती वीज लागते ते बघा

दोन आकडे हवेत: बॅटरी किती वॉट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज मावते, आणि चार्जर किती वॉटचा आहे, म्हणजे तो किती वेगाने वीज देतो. नेहमीच्या कन्सोलचे आकडे असे:

- निन्टेंडो स्विच, जुना आणि ओलेड दोन्ही: बॅटरी साधारण १६ वॉट-अवर. हातात धरून खेळताना तो १८ वॉटच्या आसपासच वीज घेतो, त्याहून जास्त दिली तरी घेत नाही.
- स्विच लाइट: १३.६ वॉट-अवर.
- स्विच २: बॅटरी ५,२२० एमएएच, म्हणजे २० वॉट-अवरच्या आसपास. कंपनी २ ते साडेसहा तास सांगते. मोठा गेम असेल तर दोनच्या बाजूला धरा.
- स्टीम डेक: एलसीडी मॉडेलला ४० वॉट-अवर, ओलेडला ५०. चार्जर दोन्हींचा ४५ वॉट.
- आरओजी ॲली: ४० वॉट-अवर. ॲली एक्स: ८०. चार्जर ६५ वॉट.
- लीजन गो: ४९.२ वॉट-अवर. चार्जर ६५ वॉट.

यातून दोन गट पडतात. स्विचची सगळी भावंडं एका बाजूला: कमी वीज खाणारी, जवळपास कुठल्याही बऱ्या पॉवर बँकेवर जगणारी. दुसऱ्या बाजूला डेक, ॲली आणि लीजन गो. हे नावाला कन्सोल, आतून छोटे संगणकच आहेत. जड गेम चालू असताना डेक सगळा मिळून २०-२५ वॉट ओढतो. ॲली टर्बो मोडवर त्याहून बराच जास्त ओढतो आणि तासाभरात मान टाकतो. पुढचा बराचसा लेख या दुसऱ्या गटासाठी आहे.

निन्टेंडो आणि स्टीम डेक बनवणारी व्हॉल्व्ह आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. दुबईहून, अमेरिकेहून किंवा ग्रे मार्केटमधून आलेल्या सेटबरोबर बहुधा परदेशी पिनेचा चार्जर येतो. पॉवर बँक घ्यायला जाताच आहात, तर भारतीय पिनेचा, दोन टाइप-सी पोर्ट असलेला ६५ वॉटचा गॅन (आकाराने लहान) चार्जरही यादीत लिहून ठेवा. रात्री हॉटेलात कन्सोल आणि पॉवर बँक एकदम भरता येतात.

२. एमएएच बाजूला ठेवा, वॉट-अवर धरा

पॉवर बँकेवरचा एमएएचचा आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. गणित सोपं आहे: एमएएच गुणिले ३.७, भागिले हजार.

- १०,००० एमएएच = ३७ वॉट-अवर
- २०,००० एमएएच = ७४ वॉट-अवर
- २७,००० एमएएच = ९९.९ वॉट-अवर
- ३०,००० एमएएच = १११ वॉट-अवर

यातलं सगळं तुमच्या कन्सोलपर्यंत पोचत नाही. ३.७ व्होल्टचे १५ किंवा २० व्होल्ट करताना काही वीज उष्णता होऊन जाते. मी नेहमी ८० टक्के धरून चालतो. ७४ वॉट-अवरच्या पॉवर बँकेतून हातात येतात ६० च्या आसपास.

प्रामाणिक कंपन्या हे मागच्या बाजूला छापतातही. तिथे 'रेटेड कपॅसिटी' अशी ओळ असते. २०,००० च्या पॉवर बँकेवर ५ व्होल्टला १२,००० एमएएच असं काहीतरी दिसेल. अर्धं गेलं कुठे, म्हणून घाबरू नका. १२,००० एमएएच गुणिले ५ व्होल्ट म्हणजे ६० वॉट-अवर, तेच आपले ८० टक्के. ही ओळच छापलेली नसेल तर मात्र ती पॉवर बँक खाली ठेवा.

आता हे खेळाच्या तासांत मोडू. डेक ओलेडवर जड गेम २५ वॉट खातोय असं धरा. कन्सोलची बॅटरी दोन तास, पॉवर बँकेचे ६० वॉट-अवर आणखी जवळपास अडीच तास. एकूण साडेचार. हाच डेक बेताने चालवून १३ वॉटवर ठेवला तर तेवढ्याच सामानात आठ तासांच्या वर जातो.

म्हणून पॉवर बँक मोठी घेण्याआधी कन्सोलची खादाडी कमी करा, त्याला एक पैसा पडत नाही. डेकवर तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये जा, टीडीपीची, म्हणजे चिपने किती वॉट खायचे याची, मर्यादा ८-१० वर आणा, फ्रेम रेट ४० वर बांधा. ॲलीवर टर्बो २५ वॉटचा, परफॉर्मन्स १५ चा आणि सायलेंट १० चा असतो. प्रवासात सायलेंटवर चालणारे खेळ निवडा. गाडीत बसून सात इंची पडद्यावर फरक कळत नाही, आणि पंख्याचा आवाजही शेजाऱ्याला ऐकू जात नाही.

स्विचवाल्यांचं गणित सुखाचं आहे. १०,००० च्या पॉवर बँकेतून ३० वॉट-अवर हाती येतात, म्हणजे दीड ते पावणेदोन वेळा पूर्ण चार्ज.

३. टाइप-सीची ओळ शब्दन् शब्द वाचा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. टाकी केवढीही असो, नळाला धार नसेल तर बादली भरत नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. वॉट-अवर ही टाकी आणि वॉट ही धार.

तुम्हाला हवी ती गोष्ट म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी. पॉवर बँक आणि कन्सोल आपसात बोलून किती व्होल्ट द्यायचे-घ्यायचे ते ठरवतात, ती ही पद्धत. पॉवर बँकेच्या मागे टाइप-सी आउटपुट अशी ओळ शोधा. ४५ वॉटच्या पॉवर बँकेवर ती साधारण अशी असते:

५ व्होल्ट ३ अँपिअर / ९ व्होल्ट ३ अँपिअर / १५ व्होल्ट ३ अँपिअर / २० व्होल्ट २.२५ अँपिअर

शेवटच्या जोडीचा गुणाकार करा: २० गुणिले २.२५ म्हणजे ४५. ६५ वॉटच्या पॉवर बँकेवर शेवटी २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असतं. ओळ १२ व्होल्टवरच संपत असेल तर ती फोनची पॉवर बँक आहे, विक्रेता काहीही म्हणो.

आता सापळे.

पहिला सापळा '२२.५ वॉट फास्ट चार्जिंग'. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉवर बँकांवर हा आकडा दिसतो. तो बहुतेक वेळा मोठ्या, जुन्या चौकोनी पोर्टचा असतो आणि ठरावीक फोनांसाठीच असतो. त्याच पॉवर बँकेचा टाइप-सी पोर्ट १८ किंवा २० वॉटचा निघतो. स्विचला हे चालून जातं. डेक चार्ज होईल, पण जड गेम चालू असताना टक्के खाली येत राहतील. ॲली आणि लीजन गोसाठी हिचा विचारच करू नका.

दुसरा सापळा 'एकूण ६५ वॉट'. एकूण म्हणजे सगळ्या पोर्टांची बेरीज. त्यात एकट्या टाइप-सीच्या वाट्याला ४५ येतात, किंवा दुसऱ्या पोर्टला फोन लावला की धार वाटली जाते. ६५ चे ४५ झाले तर ठीक, काही पॉवर बँका दोन वायरी लावल्या की दोन्हीकडे ५ व्होल्टवर उतरतात. एक पोर्ट चालू असताना किती आणि दोन चालू असताना किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं. दोन्ही वाचा. खेळताना फोन त्याच पॉवर बँकेला लावायचा नाही, ही सवय सगळ्यात सुरक्षित.

तिसरा सापळा जुन्या आणि अगदी स्वस्त मालात सापडतो: टाइप-सी पोर्ट आहे, पण तो फक्त पॉवर बँक भरण्यासाठी. शेजारी 'इन/आउट' असं लिहिलेलं हवं.

चुंबकाने चिकटणाऱ्या, वायरलेस पॉवर बँकांचा तर कन्सोलला उपयोगच नाही.

मग किती वॉट घ्यावे? स्विच आणि स्विच लाइटला २० वॉट पुरे. स्विच २ ला ३० घ्या, निवांत राहाल. गावी किंवा हॉटेलात स्विचचा डॉक (कन्सोल टीव्हीवर चालवायचा स्टँड) टीव्हीला जोडून पॉवर बँकेवर चालवायचा बेत असेल तर गणित बदलतं: जुन्या स्विचचा मूळ चार्जर १५ व्होल्ट २.६ अँपिअरचा आहे, म्हणजे ३९ वॉट. तेव्हा १५ व्होल्ट ३ अँपिअरची जोडी त्या ओळीत हवीच. स्विच २ च्या डॉकचा चार्जर तर ६० वॉटचा येतो. तिथे सरळ भिंतीतला प्लग वापरा.

डेकला ४५ वॉट. जास्तीची पॉवर बँक घेतली म्हणून तो जास्त वेगाने भरत नाही. ॲली आणि लीजन गोला ६५. ॲलीचा ३० वॉटचा टर्बो चार्जरला जोडल्यावरच मिळतो. त्याची हाव असेल तर ४५ वॉटची पॉवर बँक कामाची नाही. ती हाव नसेल आणि १५ वॉटवर समाधान असेल तर ४५ वर ॲलीही खेळता खेळता भरतो. १०० वॉटची पॉवर बँक फक्त लॅपटॉपही चालवायचा असेल तर. नुसत्या कन्सोलसाठी तिच्यावरचे जास्तीचे पैसे वाया.

खरेदीला जाताना पॉवर बँक कितीने भरते तेही बघा. ७४ वॉट-अवरची पॉवर बँक १८ वॉटने भरायला पाच तास लागतात, ४५ ने दोन-सव्वादोन. सकाळी सहाची गाडी असेल आणि आदल्या रात्री अकराला आठवण झाली, तर हा फरक कळतो.

४. केबल

पॉवर बँकेबरोबर फुकट येणारी वीतभर केबल बाजूला ठेवा. टाइप-सी ते टाइप-सी, ६० वॉटची केबल स्विच आणि डेकला पुरते. ६५ वॉटसाठी १०० वॉट, म्हणजे ५ अँपिअर लिहिलेली केबल लागते. तिच्यात एक छोटी चिप असते. ती नसेल तर ३ अँपिअरच्या वर वीज जाऊ दिली जात नाही, आणि ६५ ची पॉवर बँक ६० वर अडते.

लांबी एक ते दीड मीटर, म्हणजे पॉवर बँक पिशवीत राहते आणि कन्सोल हातात. टोक काटकोनात वळलेलं घ्या. स्विचचा पोर्ट खाली असतो, सरळ टोक मांडीवर दाबलं जाऊन पोर्टच ढिला होतो. डेक आणि ॲलीचा पोर्ट वरच्या कडेला आहे, लीजन गोला वर आणि खाली दोन्हीकडे.

५. प्रवास कुठला, ते ठरवा

रोजच्या लोकलसाठी पॉवर बँक घेऊ नका. बोरिवली ते चर्चगेट तासाभराचा प्रवास, तेवढं कन्सोलची बॅटरी काढते. एसी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर भाग्य. उभ्याने, गर्दीत, सहाशे ग्रॅमचा डेक हातात आणि खिशातून लोंबणारी केबल, हा प्रकार करणाऱ्याला कुणीतरी दादरला उतरताना केबलसकट ओढून नेईल.

कोकण रेल्वेचा प्रवास हा पॉवर बँकेचा खरा प्रवास. मांडवी असो की कोकणकन्या, सावंतवाडीपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. डब्यात चार्जिंगचे पॉइंट असतात, पण त्यावर आठ जणांचे फोन असतात, आणि सॉकेट इतके ढिले की ६५ वॉटचा जड चार्जर स्वतःच्या वजनानेच निसटतो. शिवाय रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचं धोरण रेल्वेने घेतलेलं आहे. पश्चिम रेल्वेने २०२१ च्या मार्चपासून ते लागू केलं. रात्रीच्या गाडीत सॉकेटच्या भरवशावर राहायचं नाही. यासाठी २०,००० एमएएच, म्हणजे ७४ वॉट-अवर, हे माझ्या मते योग्य माप. बारा तासांत तुम्ही जेवता, झोपता, रत्नागिरीला चहा घ्यायला उतरता. प्रत्यक्ष खेळ पाच-सहा तासांच्या वर होत नाही.

एसटीने जाणाऱ्यांनी पॉवर बँक घरून पूर्ण भरूनच निघावं. बसमध्ये चार्जिंग पॉइंट असला तरी तो फोनापुरता असतो.

पॉवर बँक कधी लावायची, यालाही एक रीत आहे. कन्सोल पार शून्याला जाऊ देऊ नका. रिकामा कन्सोल खेळासाठी आणि बॅटरी भरण्यासाठी अशी दुहेरी वीज मागतो. मग पॉवर बँक आणि कन्सोल दोन्ही तापतात, आणि तापलेली पॉवर बँक स्वतःहून धार कमी करते. साठ-सत्तर टक्क्यांवर असतानाच लावा. पॉवर बँकेची बरीचशी वीज थेट खेळात खर्च होते, आणि कन्सोलची बॅटरी मागे शिल्लक राहते.

६. विमानाने जात असाल तर

हा भाग दोनदा वाचा. इथे चूक झाली तर पॉवर बँक विमानतळावरच सोडून यावी लागते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान असेल तर विमान कंपनीची आधी संमती लागते आणि अशा दोनच नेता येतात. १६० च्या वर नाहीच. पायरी दोनमधली यादी आठवा: २७,००० एमएएच काठावर आत बसते, ३०,००० ची १११ वॉट-अवरवर बाहेर पडते. सुरुवातीच्या 'वीस की तीस' या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच ठाम वीस असतं. तीस हजारची घेणारा प्रत्येक विमानप्रवासाआधी परवानगी मागत बसतो.

ही मर्यादा प्रत्येक बॅटरीला वेगळी लागते, बेरजेला नाही. ॲली एक्सची ८० आणि पॉवर बँकेची ७४ एकत्र धरत नाहीत. काही परदेशी कंपन्या मात्र संख्येवरही बंधन घालतात. एमिरेट्स १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक नेऊ देते.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना अजून पोचलेली नाही: विमानात पॉवर बँक वापरता येत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं उभं विमान जळालं, आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर एकामागून एक नियम कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात तिचा वापर बंद केला, एमिरेट्सनेही केला. आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, २०२५ अखेरच्या परिपत्रकानेही तेच सांगितलं: पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, जवळ ठेवायची, तिच्यावर काही चार्ज करायचं नाही आणि आसनाच्या सॉकेटला तिला लावायचं नाही. चीनमध्ये देशांतर्गत प्रवास करणार असाल तर तिथला थ्री-सी शिक्का नसलेली पॉवर बँक २८ जून २०२५ पासून चालत नाही. भारतात घेतलेल्या मालावर तो सहसा नसतो.

अर्थ असा की विमानात पॉवर बँक नुसतं वजन आहे. कन्सोल गेटपाशी बसून शंभर टक्के भरून घ्या, आणि पॉवर बँक उतरल्यावरच्या प्रवासासाठी राखून ठेवा.

सुरक्षा तपासणीत पॉवर बँक आणि कन्सोल दोन्ही ट्रेमध्ये वेगळे काढून ठेवा. जवान मागची अक्षरं वाचतो. ती पुसट झाली असतील किंवा वॉट-अवर, एमएएच काहीच दिसत नसेल तर तो ती अडवू शकतो, आणि तिथे रांगेत वाद घालून काही होत नाही. नवी असतानाच छापील मजकुरावर पारदर्शक चिकटपट्टी लावून टाका.

७. घ्यायची कुठे आणि तपासायची कशी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाटीवर डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन विचारलंत तर टॅक्सीवालाही गोंधळेल. तिथे जाण्याचा खरा फायदा असा की काउंटरवर कन्सोल लावून बघता येतो. म्हणून कन्सोल बरोबर न्या, अर्धा रिकामा करून न्या, एक जड गेम चालू करा आणि दुकानदाराला सांगा, "दादा, जरा पाच मिनिटं लावून बघतो." जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. 'स्लो चार्जर' अशी सूचना आली तर दुसरी मागा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारच्या आत जा.

मनीष मार्केट आणि हीरा पन्ना केबलसाठी, कव्हरसाठी ठीक आहेत. पॉवर बँक मी तिथून घेत नाही, आणि स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून तर कधीच नाही. ऑनलाइन घेणार असाल तर उत्पादनाच्या फोटोंत मागच्या बाजूचा फोटो आहे का ते बघा. तो लपवलेला असेल तर कारण असतं.

हातात आल्यावर तीन तपासण्या.

वजन. लिथियम बॅटरीला वजन असतं, त्यातून सुटका नाही. ७४ वॉट-अवरचे नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. २०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक अडीचशे ग्रॅमची असेल तर आकडा खोटा आहे.

बीआयएसचा नोंदणी क्रमांक. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मागे बीआयएसच्या चिन्हाबरोबर इंग्रजी 'आर' आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. फोनवर बीआयएस केअर हे ॲप टाका, तो क्रमांक त्यात घाला. उत्पादक आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. 'ॲडॉप्टर' किंवा भलतंच काही आलं, तर कुणाचा तरी क्रमांक उसना घेतलेला आहे.

मॉडेल क्रमांक. चांगल्या नावाच्या कंपनीचंही चुकतं. अँकरने जून २०२५ मध्ये अमेरिकेत एका जुन्या १०,००० एमएएच मॉडेलचे अकरा लाखांहून जास्त नग आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवले. मित्राने परदेशातून आणलेली किंवा कुणाची वापरलेली पॉवर बँक घेत असाल तर मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर आधी तपासा. तसं मला विचाराल तर वापरलेली पॉवर बँक घेऊच नये.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल. "बिल नको असेल तर शंभर कमी" या वाक्याला भुलू नका. बऱ्याच पॉवर बँकांची वॉरंटी सहाच महिन्यांची असते आणि बिलाशिवाय तीही नाही.
- पॉवर बँकेच्या मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो, फोनमध्ये.
- खोकं, निदान वॉरंटी संपेपर्यंत.
- १०० वॉट-अवरच्या वर असेल तर विमान कंपनीच्या संमतीचा ईमेल, छापून.
- झिप असलेली छोटी पिशवी.
- जमल्यास टाइप-सीचा छोटा मीटर. व्होल्ट, अँपिअर आणि एकूण वॉट-अवर दाखवतो, लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

८. घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

पॉवर बँक पूर्ण भरा. मध्ये मीटर लावून कन्सोलवर खेळा आणि ती रिकामी होऊ द्या. ७४ वॉट-अवरच्या पॉवर बँकेतून मीटरवर ६० च्या आसपास आले तर उत्तम, ५५ आले तरी चालवून घ्या. ४५ वर थांबली तर परत करा.

मीटर नसेल तर वेळ बघा. जड गेम चालू, डेक ५० टक्क्यांवर, पॉवर बँक लावलेली, अर्धा तास. टक्के वाढले किंवा निदान तिथेच राहिले तर धार पुरेशी आहे. याच वेळी हात लावून बघा. कोमट होणं ठीक, हातात धरवत नाही इतकी तापत असेल तर तीही परत.

९. वापरताना

गाडीत बर्थवर पॉवर बँक उशीखाली किंवा चादरीत घेऊन झोपू नका. उघड्यावर, डोळ्यांसमोर ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यातल्या बंद गाडीत तेवढं तापमान केव्हाच होतं.

पावसाळ्यात ती झिपची पिशवी कामाला येते. पोर्टमध्ये ओल गेली असं वाटलं तर पुसून लगेच लावू नका, एक दिवस कोरड्या जागी राहू द्या. प्रवास संपल्यावर अर्धी भरलेली ठेवा. पूर्ण रिकामी करून कपाटात टाकलेली पॉवर बँक पुढच्या गणपतीपर्यंत मरते. दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून थोडी भरावी.

कडा फुगलेल्या दिसल्या, टेबलावर ठेवली की डुगडुगायला लागली किंवा गोडसर उग्र वास आला, तर तिचं काम संपलं. ती भरायची नाही, टोचायची किंवा उघडून बघायची नाही, आणि सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. पोर्टांवर चिकटपट्टी लावा, कागद आणि कपड्यांपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा तशी सोय असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नेऊन द्या. देताना बॅटरी फुगलेली आहे हे तोंडाने सांगा.